सादाकिचीचं औषध

रविवारी दुपारी विश्राम आठल्ये इस्त्रीचा झब्बा घालून आरशासमोर उभे होते आणि चित्रपटाआधी करायचं भाषण पुटपुटत होते, तेवढ्यात शौनकचा फोन आला.

"बाबा, आम्ही शीळफाट्याला अडकलोय. पुढे कंटेनर आडवा झालाय. काही हलतच नाहीये."

"मग आता?"

"तुम्ही सुरू करा. आम्ही पोचतो मागनं. पेन ड्राइव्ह आहे ना तुमच्याकडे?"

"खिशात आहे."

"मग काय प्रॉब्लेम नाही. क्षिप्रा हाय म्हणतेय."

'हाय'ला उलट काय म्हणायचं हे विश्रामरावांना पटकन सुचलं नाही. "नमस्कार सांग तिला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

क्षिप्रा आज पहिल्यांदाच घरी येणार होती. ती ठाण्याला शौनकच्या ऑफिसजवळ कुठेतरी नोकरी करते आणि दोघं वर्षभर एकमेकांना ओळखतात, एवढं शौनकने आईला सांगितलं होतं. 'ओळखतात' या शब्दाचा अर्थ मंदाकिनीबाईंनी बरोबर लावला आणि तिला रविवारी जेवायला बोलवून घे म्हणून सांगितलं. रविवार विश्रामरावांनी ठरवला. त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये सादाकिचीचा सिनेमा होता. होणाऱ्या सुनेवर पहिली छाप पाडायची तर याहून चांगला मुहूर्त कुठला, असं त्यांचं म्हणणं होतं.

डोंबिवली पूर्वेच्या मधुमालती सोसायटीत सादाकिचीची गोष्ट न ऐकलेला माणूस सापडणं कठीण होतं. कॉलेजात असताना विश्रामरावांनी एका महोत्सवात तो जपानी सिनेमा पाहिला होता. सादाकिची हा गावोगाव भटकणारा तलवारबाज. त्याच्यावर म्हणे वीस-पंचवीस सिनेमे निघाले, सगळ्यांत नट तोच. पहिल्यात मिसरूड फुटलेला आणि शेवटच्यात केस पिकलेला. विश्रामरावांनी पाहिला तो उतारवयातला, मिठागरांच्या गावात घडणारा. त्यानंतर विमा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, गच्चीवर टाकी धुऊन घेताना, जिथे चार कान मिळतील तिथे ते तो सांगत आले होते.

"पहाट झालीय. समोर समुद्र. बावीस माणसं तलवारी उपसून उभी. आणि हा एकटा. डोळे मिटलेले. वरून एक पीस तरंगत खाली येतंय. पीस जमिनीला टेकायच्या आत..." इथे ते थांबायचे. ऐकणाऱ्याचा घास हातातच राहायचा. "बावीसच्या बावीस आडवे! आणि पिसाचे दोन तुकडे!"

मंदाकिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या एवढंच म्हणायच्या, "आपलं लग्न झालं तेव्हा बारा होते."

शौनकने हा सिनेमा कुठून तरी मिळवला, पेन ड्राइव्हवर घालून दिला आणि विश्रामरावांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना लिहिली. 'चाळीस वर्षं ऐकलात, आता डोळ्यांनी पाहा!' पडदा आणि स्पीकरची जबाबदारी सुदेश भोईरने घेतली. सुदेश शेजारच्याच बंगलीत राहायचा. लग्नाच्या हळदी, गणपती आणि क्रिकेटच्या फायनली यांना सामान पुरवणं हा त्याचा धंदा.

"काका, असला साउंड लावतो ना, तलवार काढली की मागच्या रांगेला वारा लागेल," तो म्हणाला. आणि येताना आपल्या आईला, शेवंतीबाईंना घेऊन आला. त्या पहिल्या रांगेत मधोमध, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

संध्याकाळपर्यंत हॉल भरला. खुर्च्या संपल्यावर लोकांनी घरून चटया आणल्या. विश्रामरावांनी भाषण केलं. पाठांतर एवढं पक्कं झालं होतं की "आज आपल्यात क्षिप्रा आहे" हे वाक्यही ती नसताना त्यांनी म्हणून टाकलं. लोकांनी माना वळवून पाहिलं. मग दिवे मालवले.

पडद्यावर समुद्र आला. राखाडी, थंड, आवाज न करणारा. मग पांढरी जमीन, आणि जमिनीवर मिठाचे ढीग, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. त्या पांढऱ्या पसाऱ्यातून एक काळा ठिपका येऊ लागला. तो माणूस आहे हे कळायलाच बराच वेळ गेला. संगीत नव्हतं. फक्त त्याच्या पायांखाली मीठ चुरचुरत होतं, आणि सुदेशच्या स्पीकरमधून तो आवाज असा येत होता की लोकांनी नकळत आपापले पाय वर उचलून घेतले.

"अरं, ही तं आपली मिठागरं!" शेवंतीबाई एकदम म्हणाल्या. त्यांचं माहेर खाडीकाठचं. वडील मिठागरात होते. तिथे आता बावीस मजली इमारती उभ्या होत्या. "माझा बापूस असाच चालत यायचा. सुदेश, बग रं!"

"आई, जपान आहे ते."

"असंल. मीठ तं तेच हाय."

विश्रामरावांच्या अंगावर काटा आला. अगदी असाच होता, अगदी असाच. त्यांनी अंधारात मंदाकिनीबाईंच्या खुर्चीच्या दिशेने विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात पडद्यावरच्या एका म्हाताऱ्याने त्या तलवारबाजाला काहीतरी विचारलं. लांबलचक, जपानीत. आणि पडद्याच्या खालच्या बाजूला जिथे अक्षरं यायला हवी होती, तिथे काहीच आलं नाही.

"सुदेश, इंग्रजी अक्षरं कुठायत?"

सुदेशने सिनेमा थांबवला, लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. "काका, सबटायटलची वेगळी फाइल असते. ती यात नाहीच आहे. तुम्ही चेक केलेलं ना?"

विश्रामरावांनी तपासून पाहिलं होतं. घरी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून समुद्र पाहिला, मीठ पाहिलं, आणि बाकीचं सगळ्यांबरोबर पाहायचं म्हणून लगेच बंद केलं. तेवढ्यात कुणी बोललंच नव्हतं. त्यांनी घाईघाईने शौनकला फोन लावला.

"शिट," शौनक म्हणाला. "ती फाइल माझ्या लॅपटॉपवर राहिली. आणि लॅपटॉप घरी ठाण्याला. बाबा, आम्ही आत्ता फक्त फाट्याच्या पुढे आलोय. थांबता का?"

विश्रामरावांनी हॉलकडे पाहिलं. सगळी सोसायटी त्यांच्याकडे बघत होती.

"टेन्शन नका घेऊ काका," सुदेश म्हणाला. "नेटवर मिळते फाइल. आत्ता टाकतो." त्याने दोन मिनिटांत काहीतरी उतरवून घेतलं, जोडलं, आणि सिनेमा पुन्हा सुरू केला. म्हातारा तलवारबाजापुढे वाकून उभा होता. खाली अक्षरं आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती वाचली. 'माझ्या बापाचा खून तूच केलास.' म्हाताऱ्याने हसून तलवारबाजाला भाताचा गोळा दिला. पुढच्या दृश्यात नुसता एक घोडा होता. घोड्याने मान हलवली, आणि खाली अक्षरं आली, 'मी तुझ्याशिवाय कुणाशीच लग्न करणार नाही.'

"बहुतेक दुसऱ्या पार्टची फाइल आहे ही," सुदेश डोकं खाजवत म्हणाला. "ह्याचे पार्टच एवढे आहेत ना काका."

मागच्या रांगांमध्ये हसू फुटलं. कुणीतरी घोड्याचा आवाज काढला. विश्रामरावांची कानशिलं तापली. चाळीस वर्षं जपलेला सादाकिची असा एका घोड्यापायी हसण्यावारी जाणार? ते उठले, भाषणाचा माईक उचलला आणि म्हणाले, "बंद कर ती अक्षरं. मला हा सिनेमा पाठ आहे. मी सांगतो."

हॉल शांत झाला. खरं तर लोकांना हेच हवं असावं, असंही त्या शांततेवरून वाटलं.

सुरुवात झकास झाली. "हा म्हातारा मिठागरातला मजूर," विश्रामराव खालच्या, घोगऱ्या आवाजात सांगू लागले. "म्हणतोय, बाबा रे, या गावात राहू नकोस. इथला मालक क्रूर आहे. सादाकिची म्हणतो, मला जायला दुसरं गाव नाही." पडद्यावर सादाकिचीने काहीच म्हटलं नव्हतं, पण त्याचा चेहरा असा होता की ते म्हटल्यासारखंच वाटलं. लोकांनी 'च्च' केलं.

"नाव काय म्हणालाव त्याचं?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"सादाकिची."

"सदाशिव," शेवंतीबाईंनी शेजारणीला सांगितलं, आणि तिथून पुढे पहिल्या तीन रांगांपुरता तो सदाशिवच झाला. विश्रामरावांनी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

अडचण अशी होती की विश्रामरावांना सुरुवात पाठ होती, शेवट पाठ होता, आणि मधे दीड तासाचा सिनेमा होता. पडद्यावर एक बाई आली. गोरीपान, शांत, किमोनोची बाही सावरत बसलेली. ती कोण हे त्यांना अजिबात आठवेना. कुणीतरी तिला 'ओसोनो' म्हणून हाक मारली.

"ही ओसोनो," विश्रामराव म्हणाले. "सादाकिचीची बालमैत्रीण. इतकी वर्षं त्याची वाट पाहत थांबलीय."

बायकांच्या बाजूने एक सुस्कारा आला. ओसोनोजवळ एक जाडगेला, गर्विष्ठ दिसणारा माणूस येऊन बसला. विश्रामरावांनी सांगून टाकलं, "हा तिचा भाऊ." त्या भावाने लगेच ओसोनोच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती त्याच्या कपाळावरून हात फिरवू लागली.

हॉलमध्ये चुळबुळ झाली.

"जपानमध्ये," विश्रामराव घसा साफ करत म्हणाले, "भावंडांत फार माया असते."

"भाऊ हाय म्हणून सांगितलं ना त्यांनी," शेवंतीबाईंनी मागे वळून चुळबुळणाऱ्यांना झापलं.

मग एक मारामारी झाली. सादाकिचीने अंगणात एका दाढीवाल्याला असा काही फिरून वार केला की सुदेशच्या तोंडून शिवी गेली आणि आई शेजारी आहे म्हणून त्याने तोंडावर हात ठेवला. वार दिसलाच नव्हता. फक्त दारावरचा पडदा हलला, आणि दाढीवाला हळूच गुडघ्यांवर बसला. "मेला," विश्रामराव म्हणाले. पुढच्या दृश्यात दाढीवाला हाताला पट्टी बांधून दारू पीत बसला होता.

"काका, हा तर मेलेला ना?"

"हा त्याचा जुळा भाऊ."

"सेम टू सेम!" सुदेश थक्क होऊन म्हणाला.

विश्रामरावांना आता जोर चढला होता. माणूस पोहायला शिकतो तेव्हा एका क्षणी त्याला पाण्याची भीती वाटेनाशी होते, तसं त्यांचं झालं. ते पात्रांचे आवाज काढू लागले. वारा सुटला की माईकमध्ये फुंकर घालू लागले. आणि रात्रीच्या जेवणाच्या प्रसंगाला तर त्यांनी कमाल केली. ओसोनोच्या घरी सादाकिची जेवायला बसला होता. कंदिलाचा उजेड, बाहेर समुद्र. ओसोनोने आत जाऊन कमरेतून एक निळी बाटली काढली, आजूबाजूला पाहिलं, आणि त्याच्या सूपमध्ये चार थेंब टाकले.

"औषध!" विश्रामराव भरल्या आवाजात म्हणाले. "जुनी जखम आहे त्याची. पण मानी माणूस, औषध म्हटलं तर घेणार नाही. म्हणून बघा, गुपचूप देतेय. एका अक्षराने बोलून दाखवत नाही."

सूप पिऊन सादाकिचीने ओसोनोकडे पाहिलं. ओसोनोने त्याच्याकडे पाहिलं. त्या नटाचा चेहरा एवढा जवळून, एवढा वेळ, काही न करता पडद्यावर होता आणि तरी कुणाला नजर हलवता येईना. मग त्याचे डोळे फिरले आणि तो आडवा झाला.

"लागू पडलं. झोप लागली. कित्येक दिवसांत झोपला नव्हता बिचारा."

शेवंतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "अशी बायको मिलाया नशीब लागतं," त्या म्हणाल्या.

नेमक्या या वेळी मागचं दार किलकिलं झालं, दोन सावल्या आत आल्या आणि शेवटच्या चटईवर बसल्या. थोड्या वेळाने मंदाकिनीबाई अंधारात वाकत विश्रामरावांजवळ आल्या.

"शौनक आलाय. क्षिप्रा पण."

"छान. बसव त्यांना."

"बसलेत. तिचं काम काय आहे ते आत्ता दारात कळलं मला."

"नंतर सांग गं."

"ती दुभाषी आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "जपानी कंपनीत. जपानी ते मराठी, मराठी ते जपानी." आणि जशा आल्या तशा परत गेल्या.

माईक विश्रामरावांच्या हातात होता, तो चालू होता, आणि त्यातून बराच वेळ फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. लोकांना वाटलं, समुद्राचा आवाज काढतायत.

पडद्यावर मिठागरातला तो म्हातारा मजूर सादाकिचीला फरफटत बाहेर नेत होता. त्याने त्याच्या तोंडात मिठाचं पाणी ओतलं आणि घशात बोटं घालून त्याला ओकायला लावलं. सादाकिची ओकला, तळमळला, पुन्हा ओकला. आणि तिकडे घरात ओसोनो आपल्या त्या जाड्या भावाबरोबर हसत होती. विश्रामरावांच्या मनात एक भयंकर शंका डोकावली. मागे शेवटच्या चटईवर ती मुलगी हे सगळं ऐकत होती, शब्दन्‌शब्द, दोन्ही भाषांतून.

"औषध," ते क्षीण आवाजात म्हणाले, "बहुधा जरा उष्ण पडलं असावं."

"काका, ती हसतेय का पण?"

"असं... असं दिसतंय खरं."

"आणि तो भाऊ काय बोलतोय?"

"तो काहीतरी बोलत असावा."

"मगाशी तर खणखणीत सांगत होतात!" दुसऱ्या मजल्यावरचे सीताराम वझे म्हणाले. "आता काय झालं? आवाज बसला का? कुणीतरी पाणी द्या रे त्यांना."

पाणी आलं. विश्रामराव ते प्यायले. आता शेवटच तारणार होता. शेवट त्यांच्या हक्काचा होता. बावीस माणसं, एक पीस, एक वार. तिथे तर चूक होणं शक्यच नव्हतं. त्यांनी माईक घट्ट धरला. "आता बघा," ते म्हणाले. "आता तो प्रसंग."

हॉलमध्ये लोक पुढे सरकून बसले. चाळीस वर्षं ऐकलेलं आता दिसणार होतं.

पहाट झाली. मिठाच्या ढिगांवर निळसर उजेड आला. माणसं जमली. त्यांना मोजायला अजिबात वेळ लागला नाही. नऊ होती. मंदाकिनीबाईंनी मोजली, आणि त्या काही बोलल्या नाहीत. समोर सादाकिची उभा होता. थकलेला, पिकलेले केस विस्कटलेले, एक हात पोटावर. त्याच्या मागे समुद्राचं भरतीचं पाणी अडवून धरणारं जुनं लाकडी दार.

"आता पीस येईल," विश्रामराव कुजबुजले.

पीस आलं नाही. कुणीच हललं नाही. नऊ माणसं, एक म्हातारा, आणि दाराच्या फटीतून ठिबकणारं पाणी. सुदेशच्या स्पीकरमधून तो एकेक थेंब हॉलमध्ये पडत होता. त्या नवांतला एक अगदी कोवळा होता, त्याच्या तलवारीचं टोक थरथरत होतं. सादाकिची त्या टोकाकडे बघत होता. पहिल्यांदा लोकांना वाटलं, सिनेमा अडकला. मग त्या कोवळ्या पोराच्या कानामागून घामाचा ओघळ उतरला आणि कळलं की अडकलेला नाही. विश्रामरावांनी माईक कधी खाली घेतला ते त्यांनाही कळलं नाही. आपण काय सांगत आलो होतो ते ते विसरले. मागे कोण बसलंय तेही विसरले. ते श्वास रोखून उभे राहिले, कॉलेजातल्या पोरासारखे.

आणि मग तलवार पुन्हा म्यानात चाललेली दिसली. बाहेर कधी आली ते हॉलमधल्या एकालाही दिसलं नाही. नऊच्या नऊ माणसं उभी होती. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता.

मागचं लाकडी दार मधोमध दुभंगलं.

पाणी आलं. धावून आलं नाही, नुसतं पसरत आलं, काचेसारखं, पांढऱ्या मिठावरून. पहिला ढीग तळाशी करडा झाला, खचला, आणि नाहीसा झाला. मग दुसरा. ज्याच्यासाठी गावात एवढे मुडदे पडले, विषं कालवली गेली, ते सगळं मीठ त्या उजेडात, आवाज न करता, समुद्रात परत जात होतं. नऊ माणसं गुडघाभर पाण्यात उपसलेल्या तलवारी घेऊन उभी होती, आणि तिथे आता भांडायला काही उरलंच नव्हतं.

"उघाडी तोडली," शेवंतीबाई अगदी हळू म्हणाल्या. मिठागराच्या त्या दाराला त्यांच्या माहेरी हाच शब्द होता. "सगला मीठ गेला."

सीताराम वझ्यांनी चष्मा काढला होता आणि तो पुसायचं विसरून हातात धरून ठेवला होता.

सादाकिची पाण्यातून चालत त्या कोवळ्या पोराजवळ आला. पोराने डोळे मिटून घेतले. सादाकिची थांबला, खाली पाहिलं, एक वाक्य बोलला आणि पुढे निघून गेला. पुन्हा काळा ठिपका होईपर्यंत.

"काय बोलला?" शेवंतीबाईंनी विचारलं. "आवं, काय बोलला सदाशिव?"

विश्रामरावांनी माईक तोंडाजवळ नेला. त्यांना तीन-चार उत्तरं सुचली. सगळी जोरदार होती.

"मला माहीत नाही, शेवंतीबाई," ते म्हणाले.

मग शेवटच्या चटईवरून एक स्वच्छ, हलका आवाज आला. "तो म्हणाला, 'तुझे जोडे भिजले. काढ, नाहीतर मिठाने पाय चिरतील.'"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कुणी हसलं नाही. दिवे लागले तेव्हा सुदेशचे डोळे लाल होते आणि तो वायरी गुंडाळायच्या निमित्ताने खाली वाकला होता.

मग टाळ्या वाजल्या, आणि लोकांनी विश्रामरावांना गराडा घातला. विश्रामराव त्यांतून वाट काढत थेट मागे गेले. शौनक उभा होता, त्याच्या शेजारी निळ्या कुर्त्यातली, गंभीर चेहऱ्याची मुलगी.

"काय काय चुकलं माझं?" त्यांनी नमस्कारही न करता विचारलं.

"काका, खरं सांगू?" क्षिप्राला संकोच वाटला, पण खरं तेच सांगायची तिच्या कामातच सवय होती. "भाऊ नव्हता तो, मिठागराचा मालक होता. ती त्याची ठेवलेली बाई. आणि ते औषध नव्हतं. विष होतं."

शेवंतीबाई तोवर मागे येऊन पोचल्या होत्या. "काय? इस?"

"हो आजी. त्याला मारायचं ठरवलेलं तिने."

"ए पोरी," शेवंतीबाई पिशवी सावरत म्हणाल्या, "तुला जपानी येत असंल. पन मी त्या बाईचं तोंड बगलंय. ती तसली नाय."

"अहो, पण ती स्वतः म्हणाली. अगदी स्पष्ट..."

"आमच्या आठल्येंना हा सिनेमा चाळीस वर्षं पाठ आहे," सीताराम वझे मधे पडले. "आणि तू, बाळ, अर्धा झाल्यावर आलीस."

"ती बिचारी औषध देते आणि ही म्हणते विष!" मागून एक बाई म्हणाली. क्षिप्राचा चेहरा पडला. पहिल्याच भेटीत तिच्या हातून होणाऱ्या सासऱ्याचा भर हॉलमध्ये पाणउतारा झाला होता, आणि वर अख्खी सोसायटी तिच्यावर उलटली होती. शौनक आईकडे पाहू लागला, आई विश्रामरावांकडे.

विश्रामराव एका खुर्चीवर चढले.

"ऐका," ते म्हणाले. या वेळी माईक नव्हता. "क्षिप्रा म्हणते ते खरं आहे. मला जपानी येत नाही. मधलं सगळं मी मनचं सांगितलं. भाऊ मी केला, जुळा मी केला, औषध मी केलं. बावीस माणसं नव्हती, नऊ होती. पीस तर नव्हतंच. जे होतं, ते मी आज पहिल्यांदा पाहिलं, तुमच्याबरोबर. आणि ते मी सांगत होतो त्यापेक्षा फार मोठं होतं."

चाळीस वर्षांची अब्रू त्यांनी खुर्चीवर उभं राहून वाटून टाकली होती. ते खाली उतरले आणि मान खाली घालून उभे राहिले.

सगळ्यात आधी शेवंतीबाईंना कंठ फुटला.

"बगा," त्या गहिवरून म्हणाल्या, "सुनंला वाईट वाटू नये म्हनून सगला आपल्यावर घेतला मानसानं."

"काय मोठं मन आहे!" वझे म्हणाले. "असा सासरा मिळायला भाग्य लागतं, बाळ."

"अहो नाही, मी खरंच..." विश्रामराव म्हणाले.

"पुरे हो आता. कळलं आम्हाला," म्हणून बायकांनी त्यांना गप्प केलं, आणि क्षिप्राभोवती कडं केलं. कुणी तिच्या हातात चहा दिला, कुणी वडा. मगाशी तिच्यावर उखडलेली बाई आता तिच्या कुर्त्याचं कापड बोटांत धरून कुठून घेतलं ते विचारत होती. शेवंतीबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"गोड हाय पोरगी. आगाव हाय, पन गोड हाय. मग, लगीन कवा?"

शौनक वडा हातात घेऊन पुढे धावला. त्याने तिला अजून विचारलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात, सुट्टीत, कुठेतरी समुद्रकिनारी विचारायचं त्याच्या मनात होतं. "आजी, तसं काही नाहीये," तो गडबडून म्हणाला. "म्हणजे अजून आमचं तसं काही ठरलेलं..."

क्षिप्राने आजवर कुठल्याही मीटिंगमध्ये समोरच्याने न उच्चारलेला एकही शब्द पदरचा घातला नव्हता. तिने एकदा शौनककडे पाहिलं, एकदा त्या खुर्चीशेजारी खाली मान घालून उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांकडे, आणि चहाचा घोट घेतला.

"डिसेंबरात," ती म्हणाली.

शौनकला ते सगळ्या सोसायटीबरोबरच कळलं.